चाक वळवायचं तर आधी अंतर मोजा

शाळेच्या रोबोला गिअर हवे असले की पुण्यातली मुलं जुना बाजार गाठतात. बुधवारी नाहीतर रविवारी तिथे एखादा मोडका प्रिंटर मिळतो. तो उघडला की पांढऱ्या प्लास्टिकच्या गिअरांचा खजिनाच हाती लागतो. सरळ धावणाऱ्या साध्या रोबोत हे गिअर खपून जातात. प्रत्येक चाक वेगळं वळवायचं असेल, तर मात्र तेच गिअर संघाला रडकुंडीला आणतात. शालेय संघांबरोबर काम करताना हे इतक्यांदा पाहिलं आहे, की आता ते लिहून ठेवायलाच हवं.

मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला सहा चाकं आहेत आणि त्यांपैकी चार कोपऱ्यांतली चाकं वळतात. म्हणून ती गाडी जागच्या जागी फिरू शकते. शाळेतला चारचाकी रोबो हेच लहान प्रमाणावर करतो. चाक फिरवायला एक मोटर आणि चाकाची दिशा बदलायला एक सर्व्हो असतो.

पहिला घोळ होतो तो ताकदीच्या हव्यासाने. छोटा सर्व्हो साधारण 180 अंश फिरतो. चाक जोरात वळावं म्हणून मुलं सर्व्होवर 8 दात्यांचा आणि चाकावर 24 दात्यांचा गिअर लावतात. जोर तिप्पट होतो खरा, पण चाक वळतं फक्त 60 अंश. मोटर उलटी फिरवून चाक मागेही नेता येतं, त्यामुळे सगळ्या दिशा गाठायला 180 अंश पुरतात. त्याहून कमी चालत नाही. तेव्हा दोन्ही गिअर सारख्या दात्यांचे घ्यावेत. जोर कमी पडला तर मोठा सर्व्हो घ्यावा.

दुसरी गोष्ट मॉड्यूलची, म्हणजे दात्यांच्या मापाची, आणि खरी मेख इथेच आहे. गिअरचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा, दाते मोजा, त्यांत दोन मिळवा आणि व्यासाला त्या आकड्याने भागा. साध्या सरळ दात्यांच्या गिअरचं मॉड्यूल हाती येतं. 24 दाते आणि 13 मिमी व्यास असेल तर मॉड्यूल 0.5. आता इंची मापाचा, 48 पिचचा गिअर घ्या. त्याचेही दाते 24, पण व्यास 13.76 मिमी, म्हणजे मॉड्यूल 0.53 च्या आसपास. हातात धरून फिरवले तर हे दोघे छान जुळल्यासारखे वाटतात. रोबोच्या वजनाखाली मात्र ते अडखळतात, कधी जाम होतात, आणि मुलं तासन्‌तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. जोडीतल्या दोन्ही गिअरांचं मॉड्यूल एकच हवं.

मॉड्यूल कळलं की दोन आसांमधलं अंतरही कळतं. दोन्हींच्या दात्यांची बेरीज करा, मॉड्यूलने गुणा, निम्मं करा. लेगो टेक्निकच्या गिअरांचं मॉड्यूल 1 आहे. त्यांतले 8 आणि 24 दात्यांचे गिअर घ्या किंवा 16 दात्यांचे दोन घ्या, अंतर 16 मिमीच येतं. लेगोच्या पट्टीवरच्या 8 मिमी अंतराच्या भोकांवर ते नेमकं बसतं. घरी बनवलेल्या पट्टीला ही सोय नसते. म्हणून सर्व्होच्या स्क्रूसाठी भोक लांबट कापावं, दात्यांमध्ये साध्या कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळावेत आणि मग कागद काढून घ्यावा. तेवढी फट पुरते.

फट जास्त राहिली तर काय होतं? मॉड्यूल 0.5 च्या, 24 दात्यांच्या त्या छोट्या गिअरची दाते भिडतात तिथली त्रिज्या 6 मिमी. दात्यांत 0.3 मिमी प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, राहिला, तर चाक जवळपास 3 अंश भरकटतं आणि रोबो मीटरभर अंतरात 5 सेंमी बाजूला जातो. लेगोचे 40 दात्यांचे, 20 मिमी त्रिज्येचे गिअर लावले, तर तेवढ्याच प्लेने फक्त दीड सेंमी जातो. धावण्याच्या गिअरमधला प्ले झाकून जातो, दिशेच्या गिअरमधला थेट वाटेवर दिसतो. म्हणून दिशेसाठी जागेत मावतील तेवढे मोठे गिअर लावणं हाच शहाणपणा.

वजन सर्व्होच्या दांड्यावर टाकू नये. फिजेट स्पिनरमध्ये असतं ते 608 बेअरिंग 8 मिमी दांड्यावर बसतं. चाकाचा दांडा त्यात धरावा आणि शक्य असेल तर दोन ठिकाणी आधार द्यावा. दांडा कलला की अंतर बिघडतं आणि वरची सगळी मोजमापं वाया जातात. फेविक्विकच्या भरवशावरही राहू नये. प्रिंटरमधले बरेच गिअर अ‍ॅसिटल या प्लास्टिकचे असतात आणि अ‍ॅसिटलला ते नीट धरत नाही. सर्व्होबरोबर आलेला प्लास्टिकचा हात गिअरला दोन बारीक स्क्रूंनी जोडा.

आणि एक विनंती, विशेषतः शिक्षकांना. चारही चाकांचे भाग एकदम कापायला मुलांना देऊ नका. एकच चाक जोडा, त्यावर रोबोच्या वजनाचा चौथा हिस्सा ठेवा आणि ते जमिनीवर डावी-उजवीकडे भरपूर वळवून पाहा. ते दोन्ही बाजूंनी परत येताना एकाच खुणेवर थांबलं, तरच उरलेली तीन कापायला घ्या.