पर्यावरणशास्त्राची पदवी : एका विंधण विहिरीचा धडा

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधण विहिरीचे पाणी दिसावयास नितळ असते, त्याला वास नसतो आणि चवीबद्दलही कोणाची तक्रार नसते. तरीही ते वर्षानुवर्षे पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे प्रौढांचे सांधे व पाठीचा कणा ताठर होऊ लागतात. पाण्यातील फ्लोराईडचे अधिक प्रमाण हे याचे कारण होय. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण चालवून घेतले जाते.

हा प्रश्न नेमका कोणत्या शास्त्राचा? फ्लोराईड खडकातून येते, म्हणून भूशास्त्राचा. त्याचे मोजमाप प्रयोगशाळेत होते, म्हणून रसायनशास्त्राचा. परिणाम हाडांवर होतो, म्हणून शरीरशास्त्राचा. आणि कोणता स्रोत बंद करावयाचा, पर्यायी पाणी कोठून आणावयाचे, याचा निर्णय ग्रामसभेत होतो, म्हणून तो प्रशासनाचाही आहे. असे प्रश्न तुकड्या-तुकड्यांनी न पाहता एकत्र पाहण्याची शिस्त म्हणजे पर्यावरणशास्त्र.

विषयाची जडणघडण

विद्यापीठीय विषय म्हणून पर्यावरणशास्त्र तुलनेने तरुण आहे. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र विद्यालय १९६७ साली सुरू झाले. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली आणि या विषयाकडे सर्व देशांचे लक्ष वेधले गेले. भारतात १९७४ साली जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणासंबंधी निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. मात्र हा सर्वसाधारण अभ्यासक्रम आणि पर्यावरणशास्त्राची पदवी यांत फरक आहे. पहिल्याचा हेतू जाणीव निर्माण करणे हा आहे. दुसऱ्याचा हेतू मोजमाप करू शकणारा आणि त्या मोजमापाचा अर्थ लावू शकणारा पदवीधर घडविणे हा आहे.

अभ्यासाचे स्वरूप

महाविद्यालयपरत्वे तपशिलात फरक असला, तरी अभ्यासक्रमाचा गाभा बहुधा समान असतो. प्रारंभी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र व संख्याशास्त्र यांचा पाया घातला जातो. त्यानंतर परिसंस्था, जल, वायू, मृदा आणि घनकचरा यांचा अभ्यास येतो. शेवटच्या टप्प्यात पर्यावरणविषयक कायदे, प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना महत्त्व असते. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये तीन वर्षांच्या पदवीबरोबर चार वर्षांच्या पदवीचीही तरतूद आहे.

केवळ वृक्षारोपणाची आवड एवढ्या शिदोरीवर हा अभ्यास पेलत नाही. पाण्याचा नमुना कोणत्या बाटलीत घ्यावा, तो किती काळ टिकतो, एकाच चाचणीवर विसंबता येते काय, पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांत फरक का पडतो, हे विद्यार्थ्याला हाताने काम करून शिकावे लागते.

उपाय आणि उपायांचे परिणाम

पुन्हा विंधण विहिरीकडे वळू. फ्लोराईडयुक्त पाणी उकळून प्यावे, असा सल्ला सद्हेतूने दिला जातो. पण उकळल्याने पाण्याची वाफ होते, फ्लोराईड मागेच राहते. प्रमाण घटण्याऐवजी वाढते. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराईड काढण्याची ‘नलगोंडा पद्धती’ विकसित केली. ती उपयुक्त आहे. मात्र तुरटीची मात्रा पाण्यानुसार ठरवावी लागते आणि तळाशी साचणाऱ्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. ही दैनंदिन जबाबदारी कोणी घ्यावयाची हे ठरले नाही, तर संयंत्र बंद पडते.

उथळ विहिरीकडे वळणे हा दुसरा मार्ग. खोल खडकात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यापेक्षा उथळ पाण्यात फ्लोराईड अनेकदा कमी आढळते. परंतु त्याच विहिरीलगत उकिरडा किंवा शोषखड्डा असेल, अथवा शेतातील खते झिरपत असतील, तर नायट्रेट वाढू शकते. त्याची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तेही उकळल्याने जात नाही. एक दोष टाळताना दुसरा पदरात पडू नये, यासाठी दोन्ही चाचण्या आणि विहिरीभोवतालची पाहणी एकत्र करावी लागते. पर्यावरणशास्त्राच्या पदवीचे खरे प्रयोजन येथे दिसते.

पदवीनंतर

पाणी व माती तपासणी प्रयोगशाळा, उद्योगांचे पर्यावरण विभाग, आघात मूल्यमापन करणाऱ्या संस्था आणि स्वयंसेवी संस्था ही या पदवीधरांची कार्यक्षेत्रे आहेत. संशोधन व अध्यापनासाठी पदव्युत्तर शिक्षण आवश्यक ठरते. पदवी हाती पडताच नोकरी मिळेल, असे विद्यार्थ्यास सांगणे योग्य नव्हे. प्रयोगशाळेतील कौशल्य, नकाशावाचन आणि मराठीत सुबोध अहवाल लिहिण्याची सवय ज्याने कमावली, त्याची उपयुक्तता निश्चितच वाढते.

गावाशी नाते

शाळेतील विज्ञान शिक्षक इयत्ता आठवी-नववीपासूनच विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरींच्या पाणीपातळीची नोंद ठेवून घेऊ शकतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्या नोंदी, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची माहिती आणि जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे क्षेत्रीय प्रकल्प यांची सांगड ग्रामपंचायतीने घातली, तर विद्यार्थ्याला खरा प्रश्न मिळेल आणि गावाला विश्वासार्ह आकडे मिळतील.

पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध मानण्याचा काळ मागे पडला आहे. पाण्याचा आकडा विचारणारा पंचायत सदस्य आणि तो आकडा जबाबदारीने सांगणारा पदवीधर, या दोघांची गाठ पडेल, तेव्हाच त्या हातपंपावर पाणी भरणाऱ्या मुलांचे दात व हाडे सुरक्षित राहतील.