कंदमुळांची इंग्रजी नावे वर्गात कशी शिकवावीत

आपल्या राज्यात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून भाज्या, फळे व झाडे यांची इंग्रजी नावे मुलांकडून पाठ करून घेण्याचा प्रघात बहुतेक शाळांत पडला आहे. भिंतीवरील तक्त्यात कॅरट असते, बीटरूट असते, टर्निपही असतो. आहुपे, भीमाशंकर व नाणेघाट या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरील मुलाने टर्निप कधी पाहिलेला नसतो. उलट करांदा, कोनफळ, शेवळ, शतावरी, कळलावी ही त्यास पानावरून व वेलावरून लांबूनच ओळखता येतात. तक्त्यासमोर तो गप्प उभा राहतो आणि शिक्षक त्यास मंद समजतात. वास्तविक त्या विषयात वर्गातील सर्वांत जाणता तोच असतो. म्हणून शब्दाकडून वस्तूकडे न जाता वस्तूकडून शब्दाकडे जावे, आणि इंग्रजी शब्द सर्वांत शेवटी द्यावा, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

प्रथम ‘रूट’ या शब्दाचाच विचार करू. रूट म्हणजे मूळ, एवढे सांगून आपण पुढे जातो. परंतु इंग्रजी बोलणारे लोक व्यवहारात जमिनीखालून काढून खाल्ल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व भाज्यांना रूट म्हणतात, आणि त्यांत बटाटाही घालतात. बटाट्यास डोळे असतात व त्या डोळ्यांतून कोंब फुटतात. अर्थात तो मूळ नसून जमिनीखाली वाढलेले खोड आहे. आले व हळद हीही खोडेच. त्यांस इंग्रजीत ऱ्हायझोम म्हणतात. सुरण हे गोळ्यासारखे फुगलेले खोड, त्यास कॉर्म म्हणतात. कांदा व लसूण यांत पाने जाड होऊन एकमेकांस लपेटून बसलेली असतात, तो बल्ब. खरी मुळे म्हणावयाची ती मुळा, गाजर, रताळे व शतावरी यांची. आपल्या भाषेत ‘कंदमूळ’ हा जोडशब्द आहे. कंद निराळा व मूळ निराळे हा भेद त्यात पूर्वीच केलेला आहे. हे मुलांच्या लक्षात आणून दिले म्हणजे इंग्रजीचा व विज्ञानाचा पाठ एकाच तासात होतो. बटाटा, रताळे, आले व कांदा हे चार जिन्नस टेबलावर ठेवावेत, आणि यांपैकी मूळ कोणते व खोड कोणते हे मुलांनाच शोधून काढू द्यावे. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

इंग्रजी नावे ऐकून मुलांचा आणखी एक गोंधळ होतो. रताळ्यास स्वीट पोटॅटो म्हणतात, पण ते बटाट्याच्या कुळातील नव्हे. सुरणास एलिफंट फूट यॅम म्हणतात, पण सुरण यॅम नव्हे. ते अळू व शेवळ यांच्या कुळातील. खरे यॅम म्हणजे आपले कोनफळ आणि करांदा. त्यातही करांद्यास पुन्हा एअर पोटॅटो असे नाव, कारण त्याच्या वेलावर पानांच्या बगलेत गोल कंद लटकतात. ‘हवेतला बटाटा’ ऐकून मुले हसतात. हसू द्यावीत, नाव लक्षात राहते. शब्दाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. कॅरिबियन बेटांवरील लोक रताळ्यास ‘बटाटा’ या धर्तीचे नाव देत. तोच शब्द स्पॅनिश लोकांकडून इंग्रजीत जाऊन पोटॅटो झाला आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे येऊन बटाटा झाला. म्हणजे पोटॅटो हे बटाट्याचे भाषांतर नव्हे, ते त्याचे भावंड आहे.

आपल्या भागात हिरड्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून व वाळवून विकला की अनेक महादेव कोळी कुटुंबांच्या हाती चार पैसे येतात. या हिरड्याचे इंग्रजी नाव मायरोबालन. मात्र बेहडा व आवळा यांसही इंग्रजीत मायरोबालनच म्हणत आले. म्हणजे त्रिफळ्यातील तिन्ही फळांना एक नाव. त्यांतील भेद दाखविण्यासाठी हिरड्यामागे चेब्युलिक, बेहड्यामागे बेलेरिक व आवळ्यामागे एम्ब्लिक हे शब्द लावतात. यांतील एम्ब्लिक हा शब्द संस्कृत आमलक फारसी व अरबीतून फिरत गेल्याने बनला. चेब्युलिक हा काबूल शहराच्या नावावरून आला, कारण पश्चिमेकडील व्यापाऱ्यांना हिरडा ‘काबुली’ म्हणून ठाऊक होता. आपल्या डोंगरातील फळाला काबूलचे नाव कसे मिळाले, हे भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखवावे.

आता जो भाग अत्यंत काळजीने शिकवावयाचा, त्याकडे वळतो. कळलावीस इंग्रजीत ग्लोरी लिली किंवा फ्लेम लिली म्हणतात. नाव गोड, फूलही देखणे. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आणि झिंबाब्वे देशाचे राष्ट्रीय फूल आहे. पण या वेलाचे सर्व भाग विषारी, आणि कंद सर्वांत अधिक. त्यात कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते. रताळे किंवा यॅम समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी श्रीलंकेसारख्या देशांत आहेत. तक्त्यावर सुंदर फुलाखाली नुसते ‘ग्लोरी लिली’ लिहून ठेवले, तर मुलास धोक्याची काहीच सूचना मिळत नाही. येथे नावापेक्षा ओळख महत्त्वाची. कळलावीचे पान लांबट असून त्याचे टोक तणाव्यासारखे वळते व आधाराला धरते. करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे, देठापासून निघालेल्या वाकदार शिरांचे. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकलेला असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. काही ठिकाणी लोक हिलाच बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात, तर खरा बचनाग हिमालयातील अगदी निराळी वनस्पती होय. तेव्हा घोटाळा केवळ इंग्रजीतच आहे असे नाही.

खाण्याच्या कंदांतही रीत असते. कडू करांदा राखेबरोबर उकडून, पाणी बदलून, कडवटपणा काढल्यावाचून खात नाहीत. शेवळ चिंच, आमसूल किंवा काकडाच्या आंबट फळांवाचून शिजविले तर घसा खाजतो. हे ज्ञान इंग्रजी शब्दकोशात सापडत नाही. ते गावातील आजींजवळ आहे. एखाद्या शनिवारी अशा एका आजींना मानाने शाळेत बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी, आणि प्रश्न मुलांनी विचारावेत. शिक्षकांनी त्या वेळी मागे बसून लिहून घ्यावे.

स्थानिक नाव आधी विचारण्याची ही रीत जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्नरजवळ हिवरे येथे सरकारी बाग होती. तेथे औषधी वनस्पती लावून सरकारी दवाखान्यांसाठी औषधे तयार करीत. त्या बागेची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. पुढे डॅल्झेल यांच्यासह त्यांनी १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शास्त्रीय नावांसोबत अनेक ठिकाणी येथील देशी नावेही नोंदली आहेत.

पाठाची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. जुलै-ऑगस्टमध्ये वेल वर आलेले असताना वर्ग बांधावर न्यावा. काही उपटू नये, चाखू तर मुळीच नये. भीमाशंकरचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे, हेही मुलांस सांगावे. परत आल्यावर फळ्यावर चार रकाने आखावेत: घरी म्हणतात ते नाव, पुस्तकातील मराठी नाव, इंग्रजी नाव, आणि खावयाचे असल्यास कसे व नसल्यास का नाही. पहिला रकाना मुलांनी भरावा व तो पूर्ण झाल्यावाचून तिसऱ्याकडे जाऊ नये. ज्या वनस्पतीस रूढ इंग्रजी नाव नाही तिथे रकाना मोकळा ठेवावा. ओढूनताणून भाषांतर करू नये. शास्त्रीय नाव शिक्षकांनी आपल्या टाचणात लिहावे, मुलांकडून पाठ करून घेऊ नये. विषारी वनस्पतीपुढे तांबड्या खडूने फुली करावी.

आंबेगाव व जुन्नर या शेजारच्या तालुक्यांतही एकाच वेलास दोन नावे आढळतील. अशा वेळी एक चूक व दुसरे बरोबर न ठरविता दोन्ही लिहावीत व गावाचे नाव कंसात द्यावे. याद्या तयार झाल्यावर प्रत्येक वनस्पतीचे बांधावरील एक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून, वाळवून यादीस जोडावे आणि पुढील शिक्षण परिषदेस सोबत आणावे. तेथे शेजारच्या शाळांच्या याद्यांशी त्या ताडून पाहता येतील.