विनयपिटकातील झाडलोट आणि आपले घर



वर्षावासात आपल्याकडे गावोगाव सायंकाळी ग्रंथवाचन होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात, आणि विहार नसेल तेथे कोणाच्या तरी ओसरीवर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. विनयपिटक मात्र भिक्षूंचे म्हणून बाजूला राहते. त्यात संसारी माणसाच्या कामाचे काय असणार, असे आपण धरून चालतो. पण त्याच विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ‘वत्तक्खंधक’ नावाचे आठवे प्रकरण आहे. राहण्याची जागा कशी झाडावी, पुसावी, लावावी हे त्यात इतक्या बारकाईने सांगितले आहे की जन्मभर घर झाडत आलेल्या बाईनेही मान डोलवावी. आजच्या पाठात ते प्रकरण आपल्या घरात आणून पाहू. आपले घर म्हणजे आमच्या धर्मापुरीत आहेत तसे. दोन खोल्या, वर पत्रे किंवा जुने माळवद, खाली शहाबादी फरशी किंवा मातीची जमीन, आणि महिनाअखेरीस रिकामा होणारा हात.

हा नियम कसा जन्मला, ते आधी पाहावे. संघात सहा भिक्षूंचा एक गट होता. विनयात जेथे तेथे त्यांच्या खोड्या येतात. एकदा त्यांनी अंगणात वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहून आपले अंथरूण झटकले आणि सारी धूळ इतर भिक्षूंच्या अंगावर गेली. तक्रार भगवंतांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी झाडलोटीचा विधी घालून दिला. अंथरूण माणसांजवळ झटकू नये, राहत्या जागेजवळ झटकू नये, पिण्याच्या व वापरण्याच्या पाण्याजवळ झटकू नये. वारा ज्या दिशेला वाहतो आहे त्या बाजूस जाऊन झटकावे. येथे देवाचा कोप नाही की पापपुण्याचा हिशेब नाही. शेजाऱ्याच्या डोळ्यात धूळ गेली, एवढेच कारण आहे आणि ते पुरेसे मानले आहे. आपल्या वस्तीत घराला घर लागून असते. सकाळी आपली वाकळ शेजारणीच्या रांजणाकडे तोंड करून झटकली जात असेल, तर अडीच हजार वर्षांपूर्वीची ती तक्रार आजही चालूच आहे.

आता मुख्य भेद. सोवळे वेगळे आणि स्वच्छता वेगळी. ज्या लोकांनी गाव झाडले, मेलेली जनावरे ओढली, त्यांनाच गावाने अस्वच्छ ठरवले; आणि ज्याने कधी झाडू हाती धरला नाही तो जन्मतः शुद्ध ठरला. सोवळ्याला धुळीशी देणेघेणे नसते, त्याला जातीशी असते. वत्तक्खंधकातच याचे एक बोलके उदाहरण आहे. एका ब्राह्मण कुळातून आलेल्या भिक्षूला शौचानंतर पाणी घ्यायचीच किळस वाटे. ही घाण कोण हाताळणार, असे तो म्हणे. परिणाम व्हायचा तोच झाला. त्याला किडे झाले. त्यावर पाणी असताना ते न वापरणे हा दोष ठरवला गेला. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे. शौचकूपात ज्येष्ठतेप्रमाणे जाण्याची रीत होती. तरुण भिक्षू आधी येऊन ताटकळत उभे राहत, आणि एकदा काही जण आवरून धरता धरता मूर्च्छित पडले. भगवंतांनी ती रीत मोडून, जो आधी येईल तो आधी जाईल असे सांगितले. वंदनेत वडीलपण मानावे, पण शरीराच्या गरजेपुढे ते आडवे आणू नये.

म्हणून घरात गोमूत्र शिंपडले म्हणजे घर स्वच्छ होत नाही. विटाळ म्हणून बाईला चार दिवस बाहेर बसवले म्हणजेही नाही. मातीच्या जमिनीवर शेणाचे सारवण धूळ धरून ठेवते म्हणून घालावे. शुद्धी म्हणून घालण्याचे कारण नाही. घटस्थापनेच्या आधी आपल्याकडे घरोघर ‘दसरा काढतात’, अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुतात. बौद्ध झालो म्हणून ते बंद करावे का, असे काही जण विचारतात. मळ आहे तर धुवावा. पावसाळ्यात अंथरुणाला वास येतो, ढेकूण होतात आणि आश्विनात ऊन चांगले पडते, म्हणून ती वेळ योग्य आहे. आपल्याला तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे निमित्तही आहे. फक्त घट बसवायचा नाही.

बाबासाहेबांनी हा विषय किरकोळ मानला नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी, कपड्याला ठिगळे असली तरी चालतील पण तो स्वच्छ असावा, अशा अर्थाचा उपदेश केला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेतही स्वच्छ राहण्याची गोष्ट त्यांनी मुलांच्या शिक्षणाच्या गोष्टीसोबतच सांगितली. ठिगळाला लाजायचे नाही, हे त्यात आले. घरालाही हेच लागू आहे.

आता विधीकडे वळू. त्यातील क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम पात्र व चीवर बाहेर काढावे, मग बसण्याचे व अंथरण्याचे कापड, मग गादी-उशी. नंतर मंचक खाली करून, दाराला किंवा चौकटीला न घासता, न आपटता बाहेर न्यावा. त्याच्या पायाखालचे ठोकळे, थुंकण्याचे भांडे, टेकण्याची फळी काढावी. जमिनीवरील अंथरण कसे घातले होते ते लक्षात ठेवून उचलावे. मग जाळी-जळमटे असतील तर ती छतापासून काढत खाली यावे, खिडक्यांचे कोपरे पुसावेत. भिंत गेरूने रंगवलेली असेल आणि डाग पडले असतील, तर फडके भिजवून पिळून त्याने पुसावी. जमीन साधी असेल तर आधी पाणी शिंपडून मग झाडावी, म्हणजे धूळ उडणार नाही. केर गोळा करून एका बाजूस टाकावा. बाहेर काढलेले सामान उन्हात वाळवून, झटकून, पुसून पुन्हा होते त्या जागी मांडावे.

यात एकही पैशाची वस्तू नाही. झाडू, फडके, थोडे पाणी आणि ऊन. फडके ‘पिळून’ घ्यायला सांगितले आहे, हे आपल्या दुष्काळी भागातील बायकांना वेगळे समजावण्याची गरज नाही. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे बादली ओतून फरशी धुणे परवडत नाही. ओले पिळलेले फडके अर्ध्या तांब्यात खोली पुसते.

सामान आधी बाहेर काढण्यात आणखी एक फायदा आहे. बाहेर आलेले सामान डोळ्यांना दिसते. वर्षभर न लागलेली डबडी, तुटक्या छत्र्या, कोणी कधीतरी दिलेली प्लॅस्टिकची फुले, आत नेताना हातात घेऊन विचार करावा लागतो. दोन खोल्यांच्या घरात जागा विकत मिळत नाही, पण नको ते काढले म्हणजे मिळते. मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी धान्याला किंवा पाण्याला वापरू नयेत. ते मोडून टाकावेत. काटकसर म्हणून ते घरात ठेवणारे लोक मी पाहतो.

रंगाचे म्हणाल तर कळीचा चुना अजून स्वस्त आहे. तो भिजवताना उकळतो. लोखंडी टोपल्यात किंवा जुन्या पिंपात भिजवावा, मुलांना दूर ठेवावे, डोळे सांभाळावेत. रात्रभर मुरू द्यावा आणि गाळून पातळ करून दोन हात द्यावेत. खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढला की पाठ टेकल्याचे डाग दिसत नाहीत. चुन्याने खोलीत उजेड वाढतो आणि भिंतीच्या भेगांतील किड्यांची वस्ती उठते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्याच्या तोंडाशी पत्र्यावर बाहेरून चुना दिला तर आतील तलखी कमी होते. पावसाने तो धुऊन जातो, पण तोवर त्याचे काम झालेले असते. पत्र्याखाली जुन्या लुगड्यांचे छत बांधावे. मात्र चुलीच्या वर ते नसावे.

खिडक्यांचाही नियम विनयात आहे, आणि तो आपल्या हवेला तंतोतंत बसतो. थंडीत खिडक्या दिवसा उघडाव्यात, रात्री लावाव्यात; उन्हाळ्यात दिवसा लावाव्यात, रात्री उघडाव्यात. ज्या दिशेने धुळीचा वारा येईल त्या दिशेच्या तेवढ्या बंद कराव्यात.

आता भिंतीवर काय असावे? धर्मांतरानंतर देव्हारा गेला आणि बहुतेक घरांत भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर आली, हे योग्यच झाले. पण काही ठिकाणी त्या तसबिरीभोवती लुकलुकणारी दिव्यांची माळ, जरीची झालर, कागदी फुलांचे हार असे जमत जाते आणि पाहता पाहता नवा देव्हारा तयार होतो. काचेवर मात्र बोटभर धूळ असते! पुष्पपूजेचा अर्थ आपण जाणतो. फूल कोमेजते, तसेच हे शरीर. मग कोमेजलेले फूल दुसऱ्या दिवशी काढणे हा त्या पूजेचाच भाग समजावा. तसबीर चुलीच्या धुरापासून दूर, बसल्यावर नजर जाईल अशा उंचीवर असावी. आणि भिंतीतील जुन्या देवळीत, जेथे टाक असत, तेथे पुस्तके ठेवावीत. ओल लागू नये म्हणून खाली एक फळी टाकावी.

खर्च किती करावा याचे माप सिगालोवाद सुत्तात आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावेत, चौथा आपत्तीसाठी राखावा. घराची शोभा पहिल्या भागातून व्हावी. लग्न ठरले किंवा पाहुणे येणार म्हणून हप्त्यावर सोफा आणि काचेचे कपाट घेणारी घरे आहेत. तो चौथा भाग आणि मुलांची फी त्या कपाटात जाते. माझ्या मते स्वच्छ सतरंजीवर बसलेल्या पाहुण्याचा काही अपमान होत नाही.

जागेपेक्षा वेळेची मांडणी कधी कधी अधिक उपयोगी पडते. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील काही दिवस लोअर परळच्या डबक चाळीतील एका खोलीत गेले. स्वयंपाक, सामान, माणसे, सारे तेथेच. रामजीबाबा मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागत, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे होत. खोली तेवढीच राहिली, पण अभ्यासाला निवांतपणा मिळाला. वत्तक्खंधकात सांगितले आहे की वडील भिक्षूसोबत एका जागेत राहताना त्याला विचारल्याशिवाय दिवा लावू नये आणि विझवूही नये. आपल्या घरात हा नियम उलटा करून पाहावा. मूल वाचत बसले असेल तर वडील माणसाने त्याला विचारल्याशिवाय टीव्ही लावू नये.

हे सारे काम करायचे कोणी? विनयात भिक्षू स्वतःच्या हाताने झाडतो. शिष्य आचार्यांची खोली झाडतो, आणि शिष्य आजारी पडला तर आचार्य त्याची झाडतो. हलके काम म्हणून ते कोणा एकाच्या माथी मारलेले नाही. आपल्या घरात मात्र ते मुलीच्या माथी आहे. शाळेत पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलींना कारण विचारले की उत्तर बहुधा एकच असते: झाडलोट, पाणी, भांडी. त्याच घरचा मुलगा वेळेवर आलेला असतो. गावाने आपल्याला जन्मावरून झाडू दिला, त्याविरुद्ध आपण लढलो. आणि घरात आपण जन्मावरूनच मुलीला झाडू देतो. अंथरूण ज्याचे त्याने उचलावे, पाणी मुलाने भरावे, जळमटे बापाने काढावीत, एवढी वाटणी केली तरी त्या मुलीला सकाळचा एक तास मिळतो. हिशेब मांडून पाहावा, वर्षाचे किती तास होतात.

शेवटी एक नियम ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. आपल्या बीड जिल्ह्यातून हंगामात हजारो कुटुंबे कोपीत राहायला जातात आणि घर महिनोन्‌महिने बंद राहते. प्रवासाला निघणाऱ्या भिक्षूने काय करावे, हे विनयात सांगितले आहे. चार दगड मांडून त्यांवर मंचक ठेवावा, मंचकावर मंचक रचावा, वर अंथरुणाचा ढीग करावा, लाकडी व मातीची भांडी नीट आवरून ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात आणि मग निघावे. वाळवी आणि ओल यांपासून सामान वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. बाज नसेल तर फळी चालेल, दगड तर आपल्या माळावर हवे तेवढे आहेत. मुलांची पुस्तके आणि दाखले पत्र्याच्या पेटीत घालून ती पेटी सर्वांत वर ठेवावी. आणि परत आल्यावर बंद घर कसे उघडावे, हेही तेथेच आहे. आधी दार ठोठवावे, क्षणभर थांबावे, मग कडी काढून दार लोटावे आणि बाहेरच उभे राहून आत नजर टाकावी. पाच-सहा महिने बंद असलेल्या घरात साप-विंचू असू शकतो. मुलांना आत धावू देऊ नये. आधी मोठ्या माणसाने काठी घेऊन कोपरे पाहावेत, मग खिडक्या उघडाव्यात.