श्वासचाचणीची विश्वसनीयता

मंदसौर परिसरात पाटीच्या पेन्सिली तयार करताना उडणाऱ्या दगडी धुळीने अनेक कामगारांना सिलिकोसिस जडला. अशा कामगाराच्या क्ष-किरण चित्राबरोबर श्वासचाचणीही महत्त्वाची असते. फुप्फुसाची शक्ती किती उरली, याचा अंदाज तीवरून येतो. मात्र स्पायरोमीटर हे यंत्र केवळ फुंकर मोजते. ती पूर्ण होती की अर्धवट, हे चाचणी घेणाऱ्यानेच पाहावयाचे असते.

छाती पूर्ण भरून, न कचरता, एका झटक्यात हवा सोडावी लागते. पहिल्या सेकंदात खोकला आल्यास तो प्रयत्न बाद समजावा. त्यानंतर आलेखाची रेषा जवळजवळ सपाट होईपर्यंत फुंकत राहणे आवश्यक असते, आणि येथेच अनेकांचा दम तुटतो. लवकर थांबल्यास एकूण हवा कमी भरते. तिच्या तुलनेत पहिल्या सेकंदातील हवेचे प्रमाण वाढलेले दिसते आणि श्वासनलिकांतील अडथळा अहवालातून निसटू शकतो. रोगी मात्र चार पायऱ्या चढताना धापा टाकीतच असतो.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी व युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांचे किमान तीन निर्दोष प्रयत्न व्हावेत, आणि सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरहून अधिक तफावत नसावी. त्यासाठी साधारणतः आठपर्यंत प्रयत्न करता येतात. यंत्राचीही तीन लिटरच्या पिचकारीने रोज पडताळणी करावी लागते. अहवालासोबत आलेख जोडलेला नसल्यास तो मागून घेण्यास संकोच करू नये.