परराज्यातून पैदाशीचा बोकड आणताना

मालवण, कुडाळ, सावंतवाडी या भागांतील काही शेळीपालक राजस्थानचा सिरोही वा पंजाबचा बीटल बोकड पैदाशीसाठी आणू इच्छितात. कळप सुधारावा ही इच्छा रास्तच होय; परंतु जनावराबरोबर रोगही गोठ्यात शिरू शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यांत सर्वांत भयंकर रोग पीपीआर. लागण झाल्यावर साधारणतः ४ ते ६ दिवस जनावर वरून निरोगी दिसते. मग ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण व हगवण सुरू होते. बाजारात धडधाकट पाहून घेतलेला बोकड घरी पोहोचल्यावर आजारी पडतो, तो पुष्कळदा यामुळेच. दलालाच्या शब्दाला येथे काडीची किंमत देऊ नये. लस प्रवासापूर्वी निदान तीन आठवडे टोचलेली असावी आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक दाखल्यावरील क्रमांकाशी ताडून घ्यावा.

१९७८ च्या जनावरे वाहतूक नियमांनुसार, सहा तासांहून अधिक प्रवास असल्यास जनावर निरोगी व प्रवासयोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक असतो. नर व मादी एकाच कप्प्यात ठेवता येत नाहीत. वाहनात किमान ५ सेंटिमीटर जाडीचा पेंढा अंथरावा लागतो. साडेचार ते पाच टनी ट्रकात चाळीसांहून अधिक शेळ्या भरता येत नाहीत. शिवाय, २००९ च्या प्राणी संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली एखादे क्षेत्र नियंत्रित घोषित झाले असल्यास तेथून जनावरे हलविण्यास मनाई असते. ही चौकशी पैसे मोजण्यापूर्वीच करावी.

आणलेला बोकड थेट कळपात सोडू नये. महिनाभर तो दूरच्या मांगरात बांधावा. त्याचे भांडे व चारा वेगळा असावा, आणि घरच्या शेळ्यांचे काम उरकल्यावरच त्याच्याकडे जावे. संशयास्पद लक्षण दिसताच ग्रामपंचायतीस कळविणे कायद्यानेच मालकावर बंधनकारक आहे. लपविल्यास साऱ्या वाडीची करडे दगावतील. पावसाळ्याच्या तोंडावर तर खरेदी टाळावीच. कोरड्या प्रदेशातील जनावरास कोकणची ओल एकाएकी सोसत नाही.

खरे तर, आपल्याच जिल्ह्यातील कोकण कन्याळ ही जात या ओलीतच वाढलेली आहे. काळ्या अंगाची, लांब लोंबत्या कानांची व तोंडावर पांढरे पट्टे असलेली ही शेळी राष्ट्रीय स्तरावर नोंदलेली असून, निळेली (ता. कुडाळ) येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे तिचे प्रक्षेत्र आहे. ज्याच्याकडे शुद्ध कन्याळ माद्या आहेत त्याने परका बोकड त्यांत मुळीच सोडू नये. त्यांच्यासाठी कन्याळचाच निवडक बोकड शोधावा, आणि तोही आपल्या कळपातील रक्ताच्या नात्याचा नसावा.