गावची ठेव व गावचा पाहुणा
(परिसर-अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)

उद्देश : समुद्रकाठच्या गावी पाहुणे कोणत्या ठेवीमुळे येतात, ती ठेव कशाने टिकते व कशाने नाहीशी होते, हे मुलांना स्वतःच्या गावाच्या अवलोकनाने समजावे.

प्रस्तावना : शिक्षकांनी जिल्ह्याच्या नकाशावर अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन दाखवावे. नंतर विचारावे, “परगावचा पाहुणा आला, तर त्याला आपल्या गावातील काय दाखवाल ?” आलेली उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावी : निसर्गाने दिलेले आणि पूर्वजांनी केलेले.

विवेचन : उदाहरणासाठी श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव घ्यावे. तेथे १९९७ साली एका वाडीत जमीन खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. त्याच्या दर्शनास लोक येऊ लागले. घरोघरी उतरण्याची व जेवणाची सोय झाली आणि अनेक कुटुंबांस रोजगार मिळाला. परंतु मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा चोरीस गेला व पाहुण्यांची वर्दळ ओसरली. पुढे हाती लागलेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडविण्यात येऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची स्थापना झाली.

मध्यंतरी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे नवे झाड फळास येण्यास कित्येक वर्षे जातात. वाडीच्या सावलीत पाहुणा उतरत होता आणि वाडीच्याच उत्पन्नावर घर चालत होते. म्हणून हे नुकसान दुहेरी झाले.

येथे मुलांस विचारावे, “मुखवटा नव्हता, तेव्हा गावात पाहण्याजोगे काय उरले होते ?” लांबच लांब वाळूचा किनारा, सुरूचे बन, रूपनारायणाची शिलाहारकालीन मूर्ती, थंडीच्या दिवसांत वाळूत अंडी घालण्यास येणारी समुद्रकासवे, ही उत्तरे काढून घ्यावी. शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० चा, मराठी ताम्रपट याच गावचा, हे शिक्षकांनी सांगावे. गावाचा चरितार्थ एकाच वस्तूवर अवलंबून असू नये, हे मुलांच्या ध्यानी येईल.

दुसरा प्रश्न असा : “यांपैकी कोणत्या ठेवीस कुलूप लावता येईल ?” मूर्तीस लावता येईल, वाळूस येणार नाही. किनाऱ्यावर मोटारी फिरल्या, तर कासवांची घरटी चिरडतात. रात्री दिव्यांचा झगझगाट असला, तर अंड्यातून निघालेली पिले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. उन्हाळ्यात पाण्याचा उपसा फार झाला, तर वाडीला पाणी पुरत नाही. अशा ठेवीचे रक्षण गावाने ठरविलेल्या व पाहुण्यास सांगितलेल्या नियमांनीच होते.

तिसरी गोष्ट ओळखीची. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा असून मराठीतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. तरीही तो अनेक वर्षे रस्त्याच्या कडेस उघड्यावर होता. ज्या वस्तूचे मोल गावास ठाऊक नाही, तिची राखण कोणी करीत नाही.

कृती : मुलांच्या चार तुकड्या करून जुन्या वास्तू व शिळा, विहिरी व तळी, वृक्ष व पशुपक्षी, आणि सण व कारागिरी असे विषय वाटून द्यावे. शाळेच्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूचे नाव, ठिकाण, आजची स्थिती, तिला असलेला धोका व तिची देखभाल करणारा, असे पाच रकाने आखावे. वृद्धांनी सांगितलेली दंतकथा व लेखात आढळलेली माहिती निरनिराळी लिहावी. शिळेवर खडू फिरवू नये, काही उकरू नये, घरट्यास हात लावू नये. विहिरीच्या पाण्याची पातळी दरमहा एकाच तारखेस मोजावी.

समारोप : वर्षअखेरीस नोंदवही ग्रामसभेपुढे मुलांकडून वाचून घ्यावी. ज्या वस्तूपुढे देखभाल करणाऱ्याचा रकाना रिकामा असेल, ती वाचताना मुलांनी थांबावे आणि ‘हिची राखण कोण करील ?’ असे सभेस विचारावे. मिळालेले उत्तर त्याच दिवशी त्या रकान्यात लिहून घ्यावे.