उष्णता सहन करणाऱ्या गव्हाची पारख

गहू हे थंड हवेचे पीक होय. फुलोऱ्यापासून दाणा पक्व होईपर्यंत हवा थंड राहिली तर दाणा टपोरा भरतो. या काळात दुपारचे तपमान वारंवार ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे परागकण निकामी होऊ लागतात, दाणा भरण्याचा अवधी आखडतो व दाणा सुरकुततो. मार्च २०२२ मध्ये याचा प्रत्यय आला. सरासरी कमाल तपमानाचा विचार करता १९०१ पासूनच्या नोंदींत तो देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि पंजाब, हरियाणात गव्हाचा दाणा बारीक पडला.

महाराष्ट्रात थंडीचा काळ मुळातच आखूड. खरिपाचे पीक उशिरा निघाल्यामुळे ज्यांना डिसेंबरात गहू पेरावा लागतो, त्यांच्या पिकाचा दाणा वाढत्या उन्हातच भरतो. अशा वेळी वाणाची निवड चुकली तर बी, पाणी व श्रम यांचा मोबदलाही हाती येत नाही. म्हणून ही निवड ऐकीव माहितीवर न करता प्रयोगाने करावी.

प्रयोगाचे तत्त्व : केवळ उशिरा पेरलेल्या पिकाचे उत्पादन पाहून वाणाची सहनशक्ती कळत नाही. तोच वाण त्याच शेतात वेळेवर पेरला असता किती पिकतो, हेही माहीत असावे लागते. यासाठी प्रत्येक वाणाची एक पेरणी १० नोव्हेंबरच्या सुमारास व दुसरी १५ डिसेंबरच्या सुमारास करावी.

मांडणी : सारख्या जमिनीचा तुकडा निवडावा. चार वाण घ्यावेत. त्यांपैकी एक तुलनेसाठी परिचित असावा, उदाहरणार्थ, वेळेवर व उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारस असलेला ‘फुले समाधान’. प्रत्येक पेरणीत प्रत्येक वाणाचे तीन वाफे असावेत व वाफ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. सर्वांत चांगली जागा आवडत्या वाणास दिल्यास प्रयोग फुकट जातो. बियाण्याचे प्रमाण, ओळींतील अंतर व खत दोन्ही पेरण्यांत सारखेच ठेवावे.

पाण्याची विशेष काळजी घ्यावी. पिकास ताण पडला तर नुकसान उन्हाने झाले की पाण्याअभावी, हे सांगता येत नाही. उशिरा पेरलेले पीक लवकर पुढे सरकते. म्हणून पाळ्या केवळ दिवस मोजून न देता मुकुटमुळे फुटणे, कांडी धरणे, फुलोरा व दाण्यात चीक भरणे या अवस्था पाहून द्याव्यात.

नोंदी : रोजचे कमाल तपमान सावलीत मोजावे. प्रत्येक वाफ्याची फुलोऱ्याची व पक्वतेची तारीख लिहावी. कडेच्या ओळी वगळून उत्पादन व हजार दाण्यांचे वजन घ्यावे.

हिशेब : समजा, ‘अ’ वाणाने वेळेवरच्या पेरणीत हेक्टरी ४० क्विंटल व उशिराच्या पेरणीत २४ क्विंटल उत्पादन दिले, घट ४० टक्के. ‘ब’ वाणाने ३५ व २८ क्विंटल दिले; घट २० टक्के. चारही वाणांच्या सरासरी उत्पादनातील घट ३० टक्के असेल, तर वाणाच्या घटीस ३० ने भागावे. ‘अ’चा निर्देशांक १.३३ व ‘ब’चा ०.६७ येतो. एकाहून कमी निर्देशांक म्हणजे सरासरीपेक्षा अधिक सहनशक्ती. ‘अ’ वेळेवर अधिक पिकतो, तरी डिसेंबरच्या पेरणीस ‘ब’च योग्य.

परंतु निर्देशांकावरच विसंबू नये. १८ क्विंटलवरून १६ वर येणाऱ्या वाणाची घट अल्प दिसते, पण १६ क्विंटलवर कोणाचे भागणार? उशिराच्या पेरणीतील प्रत्यक्ष उत्पादनही पाहावे.

दोन सावधगिऱ्या : एखादा वाण आठदहा दिवस आधी फुलून उन्हातून निसटतो. हा गुण शेतकऱ्यास उपयोगी आहे, पण ती सहनशक्ती नव्हे. म्हणून एकाच सुमारास फुलणाऱ्या वाणांचीच परस्परांशी तुलना करावी. दुसरे असे की, मार्च थंड गेला तर वाणांची परीक्षा झालीच नाही असे समजावे. निदान दोन हंगामांच्या नोंदी जुळल्यावरच गावास शिफारस करावी.